शुक्पा, धूपी, हपुषा: हिमालयातल्या जुनिपरवर गप्पा

डोंगरखुणा

लडाखला जाऊन आलेल्या माणसाच्या नाकात एक वास कायमचा बसतो, सकाळी सकाळी घराघरातून येणाऱ्या धुराचा, थोडा राळेसारखा थोडा लाकडाचा आणि मागे काहीतरी गोडसर. बऱ्याच जणांना वाटतं की ती तिबेटी अगरबत्ती आहे. अगरबत्ती नाही, ती शुक्प्याची डहाळी. म्हणजे जुनिपर. मागे कुणीतरी ट्रेकच्या धाग्यावर विचारलं होतं की हे झाड नक्की कुठलं, आयुर्वेदातली हपुषा ती हीच का, जिनमध्ये घालतात ते हेच का, तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढला.

आधी हे सांगून टाकतो की हिमालयात जुनिपर एक नाही, चार-पाच जाती तरी सहज भेटतात आणि लोक सगळ्यांना सरसकट एकाच नावाने हाक मारतात. लडाख आणि लाहौल-स्पितीतला जो खरा मोठा वृक्ष होतो तो जुनिपेरस पॉलिकार्पोस, जुन्या पुस्तकांत मॅक्रोपोडा किंवा एक्सेल्सा नावाने सापडेल. लडाखीत शुक्पा, लाहौलात शुर. साधारण ३,००० ते ४,००० मीटरवर, जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा उघड्या खडकाळ उतारावर हा उभा असतो. खोड पिळवटलेलं, साल उभ्या पट्ट्यांनी सोलत जाणारी, अर्धं झाड वाळून पांढरं पडलेलं आणि उरलेलं अर्धं हिरवंगार. मेलं म्हणून सोडून द्यावं तर पुढच्या वर्षी परत फळ धरतं.

फळ म्हटलं खरं पण ते फळ नाहीच. जुनिपर हा सुरूच्या कुळातला, पण सुरू म्हणजे कोकण किनाऱ्यावरचा नव्हे (तो कॅशुरिना, त्याचा इकडे काही संबंध नाही), तर सायप्रस कुळातला. पाईनला जसा लाकडी शंकू येतो तसाच यालाही येतो, फक्त शंकूचे खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटून जातात, म्हणून बोरासारखी निळी-काळी गोळी दिसते. नीट बघितलं तर टोकाला खवल्यांच्या कडा दिसतात. वरची निळसर भुकटी म्हणजे मेण, बोटाने पुसलं की निघतं.

पानं दोन तऱ्हेची. लहान रोपाला आणि खालच्या फांद्यांना सुईसारखी टोचणारी, मोठ्या झाडाला बारीक खवल्यांसारखी डहाळीला चिकटलेली. एकाच झाडावर दोन्ही दिसतात आणि तिथेच ओळख पटवणाऱ्याची दांडी उडते.

बाकी पुढे लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

पानगळ

वाचतेय. फोटो असतील तर टाका ना प्लीज, पानांचा जवळून घेतलेला.

मोरूची_मावशी_पुणे

मला वाटत होतं की आपल्याकडे बंगल्यांच्या दारात असतं ते मोरपंखी म्हणजेच जुनिपर! लहानपणी आम्ही त्याला विद्या म्हणायचो, वहीत पान ठेवायचं आणि ठेवलं की अभ्यास येतो म्हणे, आमच्या वर्गात तर पानांची अदलाबदल चालायची. ते वेगळं का मग?

डोंगरखुणा

@मोरूची मावशी, वेगळं, पण चुलत भावंडं म्हणायला हरकत नाही. मोरपंखी म्हणजे प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस, मूळ चीनकडचं, कुळ तेच. फरक ओळखायला सोप्पा. मोरपंखीची डहाळी उभ्या सपाट पंख्यासारखी असते आणि त्याला येतात ते शंकू आधी निळसर हिरवे, आकड्यासारखी शिंगं असलेले, मग वाळून लाकडी होतात आणि उकलून बी बाहेर पडतं. जुनिपरची गोळी कधीच उकलत नाही, ती अख्खीच पक्ष्याच्या पोटात जाते आणि बी तिकडून पुढे.

@पानगळ, फोटो घरी गेल्यावर.

सुभेदार_निवृत्त

दार्जिलिंगकडे पोस्टिंगला होतो तेव्हा घुमच्या आसपास उंच उंच सरळसोट झाडांची गर्द रानं होती, तिकडचे नेपाळी जवान त्यांना धुपी म्हणत. धुपी म्हणजे जुनिपर असं कुठेतरी वाचलंय. पण लेखातलं पिळवटलेलं झाड आणि ते सरळसोट झाड काही केल्या जुळत नाही राव.

डोंगरखुणा

साहेब, ते जुळणारच नाही. घुमची धुपी म्हणजे क्रिप्टोमेरिया, जपानचं झाड, ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात तिकडून आणून लाकडासाठी लावलं. त्याच्याखाली फारसं काही उगवत नाही म्हणून तिकडचे जंगलवाले आता त्याच्यावर नाराज असतात. नेपाळात वर झाडं विरळ होतात तिथवर गेलात की जी धूपी म्हणतात ती मात्र खरी जुनिपर, बहुतेक वेळा जुनिपेरस इंडिका किंवा रिकर्व्हा. आणि गढवालात धूप मागितलीत तर एखादा मेंढपाळ तुमच्या हातावर भलतंच मूळ ठेवेल, ज्युरिनिया नावाच्या जमिनीलगत वाढणाऱ्या झाडाचं, तेही देवापुढे जाळतात. थोडक्यात जे जळून वास देतं ते धूप, झाड कुठलं हा प्रश्न तिथल्या लोकांना पडत नाही, आपल्यालाच पडतो.

वैद्य_अनुजा

छान धागा. हपुषेबद्दल मी लिहिते, माझा रोजचा विषय आहे.

हपुषा चरकसंहितेत आहे. गुल्माच्या चिकित्सेत हपुषाद्य घृत येतं आणि उदररोगाच्या अध्यायात हपुषाद्य चूर्ण. म्हणजे पोट फुगणं, वात अडकणं, अग्नी मंद होणं, पोटात पाणी साठणं असल्या तक्रारींच्या गोतावळ्यातलं हे द्रव्य. चवीला कडवट तिखट, वीर्य (म्हणजे गुणाने) उष्ण. भावप्रकाशात याचे दोन प्रकार दिलेत, एकाला माशासारखा वास येतो आणि दुसऱ्याचं फळ पिंपळाच्या फळासारखं दिसतं. आता तुम्हीच सांगा, बाजारात मिळणाऱ्या गोळ्या चुरडल्यावर माशाचा वास येतो का? येत नाही, टर्पेंटाईनसारखा येतो. त्यामुळे ग्रंथातली हपुषा आणि आजची हपुषा एकच का यावर आमच्यात वाद जुनाच आहे. आजच्या घडीला हपुषा म्हणून जुनिपेरस कम्युनिसची फळं वापरतात. काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर म्हणून मागा, लगेच काढून देतील.

आणि हो, शुक्पा ती ही नव्हे. कम्युनिस हे झुडूप. दुकानात मात्र दोन्ही-तिन्ही जातींची फळं एकत्र आलेली मी पाहिली आहेत, गोळा करणारा माणूस डोंगरावर जे मिळेल ते पोत्यात भरतो.

नास्तिक_नाना

वैद्यबाई, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं औषध नक्की कुठलं हेच माहीत नाही आणि तरी देताय? :)

वैद्य_अनुजा

नाना, तुमची कमेंट अपेक्षितच होती. जे देतो ते आज वापरात असलेल्या फळाच्या अनुभवावर देतो. आणि त्या फळाचं म्हणाल तर लघवी वाढवणारं आणि पचनाला मदत करणारं म्हणून युरोपातही ते शतकानुशतकं वापरात आहे, आयुर्वेदाशी काही देणंघेणं नसताना. त्यातल्या उडनशील तेलात पायनीन, सॅबिनीन, मिर्सीन असतं आणि टर्पिनेन-४-ऑल म्हणून एक घटक असतो, लघवीवरचा परिणाम त्याच्याशी जोडतात.

पण धागा वाचून कुणी घरी काढे करू नका हे मात्र ठासून सांगते. गरोदर बाईने हे अजिबात घ्यायचं नाही, किडनीचा त्रास असलेल्याने घ्यायचं नाही. शिवाय जुनिपरचीच एक जात, सॅबिना, चक्क विषारी आहे, युरोपात गर्भ पाडायला वापरायचे आणि त्यात बायका मरायच्या. दिसायला सगळ्या बहिणी सारख्याच. म्हणून डोंगरावर दिसलं निळं फळ आणि टाकलं तोंडात असं करू नये.

मांडवीकर

आमच्या गोंयचा उल्लेख कसा नाही अजून? :) जिनला जिन म्हणायचं तर त्यात जुनिपरचाच वास वर आला पाहिजे, नाहीतर ती नुसती वासाची वोडका. नावसुद्धा येनेव्हर या जुनिपरच्या डच दारूवरून आलंय. गेल्या काही वर्षांत गोव्यात जिनच्या डिस्टिलऱ्यांची रांगच लागली, त्यातल्या एका कंपनीने २०१८ साली काढलेल्या जिनचं नावच हपुसा. हिमालयातलं जुनिपर घालतात, सोबत आंबा, हळद, गोंधराज लिंबू वगैरे. बाकी बहुतेक जिनसाठी जुनिपर युरोपातून येतं, इटली आणि मॅसेडोनियाकडून.

माझा भाचा एका डिस्टिलरीत कामाला आहे, तो म्हणतो की हिमालयातली गोळी जास्त मातकट, रानटी लागते, युरोपातली जास्त स्वच्छ लिंबासारखी. मी दोन्ही चावून बघितल्या आणि मला दोन्ही सारख्याच कडू लागल्या. फेणीवर वाढलेली जीभ, काय करणार.

पानगळ

एक बेसिक शंका. त्या गोळ्या शेतात पिकवतात का?

राईनकाठची_राधा

मी सांगते, जर्मनीत राहते. इकडे याला वाखोल्डर म्हणतात आणि किराणा दुकानात मसाल्याच्या रॅकवर तमालपत्राच्या शेजारी त्याची बाटली असते. आंबवलेल्या कोबीत आणि हरणाच्या मटणात घालतातच. पाच-सहा गोळ्या खलबत्त्यात जरा ठेचायच्या, अख्ख्या टाकल्या तर वास सुटत नाही. मी एकदा मटणाच्या रस्श्यात दगडफुलासोबत टाकून पाहिल्या आणि खरंच बरं लागलं, सासूबाईंना सांगितलं नाही काय घातलंय ते.

पिकवत नाहीत, बहुतेक सगळं रानातून गोळा करतात. झाडाखाली चादर किंवा टोपली धरायची आणि फांद्या काठीने झोडायच्या. गंमत अशी की गोळी पिकायला दीड वर्षाच्या आसपास लागतं, कधी जास्तच, त्यामुळे एकाच फांदीवर यंदाच्या हिरव्या आणि मागच्या निळ्या दोन्ही असतात, आणि झोडलं की पिकलेल्याच पडतात. हाताने तोडायला गेलं की सुया टोचून बोटांची चाळण.

ल्युनेबुर्गर हाइडे म्हणून उत्तरेला मोठं माळरान आहे, तिथे जुनिपर खांबासारखे उभे दिसतात. माळ टिकतो तो मेंढ्यांमुळे. मेंढ्या बाकी झाडांची रोपं खातात, काटेरी जुनिपरला तोंड लावत नाहीत, आणि जुनिपरला सावली अजिबात खपत नाही, म्हणजे मेंढ्या गेल्या की जंगल वाढतं आणि जुनिपर त्याखाली मरतो.

डोंगरखुणा

राधाताई, मस्त माहिती. तुमचा वाखोल्डर म्हणजेच कम्युनिस, तो तर जगात सगळ्यात लांबरुंद पसरलेला सूचिपर्णी आहे, अलास्का ते जपान व्हाया युरोप, आणि आपल्या हिमालयातही आहे. गंगोत्री ते गोमुख वाटेवर भोजबासाच्या आसपास जमिनीलगत पसरलेली काटेरी झुडपं ज्यांच्यावर तुमची पँट अडकते ना, ती जुनिपरच.

ओळखायची खूण लिहितो, ट्रेकवाल्यांना उपयोगी पडेल. पान सुईसारखं आणि तीन-तीनच्या झुपक्यात, आतल्या बाजूने एकच पांढरा पट्टा, आणि सुई बुडाशी सांध्यासारखी जोडलेली असेल तर कम्युनिस. गोळी फोडली तर आत बहुधा तीन बिया. सुया तीन-तीनच आहेत पण बूड डहाळीवर खाली घसरत गेलेलं आहे आणि गोळीत एकच बी आहे तर स्क्वामाटा किंवा रिकर्व्हा, रिकर्व्हाच्या फांद्यांची टोकं खाली लोंबतात म्हणून ते लांबूनही कळतं. पान खवल्यासारखं, गोळी काळी चकचकीत, एक बी, तर इंडिका. पान खवल्यासारखं पण गोळीत एकाहून जास्त बिया आणि वर निळसर मेण, आणि तुम्ही लडाख-लाहौलसारख्या कोरड्या भागात आहात, तर शुक्पा. खालची गोळी उचला, झाडावरची तोडू नका.

गोळी सापडलीच नाही तर? ते झाड नर असेल. जुनिपरमध्ये सहसा नर-मादी झाडं वेगळी असतात.

इतिहासप्रेमी७७

या शुक्प्याचं एक फार मोठं जंगल तिकडे पाकिस्तानात, बलुचिस्तानातल्या झियारतला आहे, एक लाख हेक्टरहून मोठं. २०१३ साली युनेस्कोने त्याला बायोस्फिअर रिझर्व्हचा दर्जा दिला. तिथे १८९२ साली इंग्रजांनी बांधलेली एक लाकडी रेसिडेन्सी आहे, मोहम्मद अली जिना शेवटच्या आजारपणात १९४८ च्या उन्हाळ्यात तिथेच होते. २०१३ मध्येच तिच्यावर हल्ला होऊन ती जळली आणि नंतर पुन्हा जशीच्या तशी उभी केली. तिकडचे लोक झोपड्यांच्या छपराला याच झाडाची साल घालतात, आणि हिवाळ्यात इतकी थंडी की जळणालाही हेच. शिवाय झाडांवर एक बारीक बांडगूळ पडलंय, आपल्याकडच्या आंब्यावरच्या बांडगुळासारखं मोठं नव्हे, अगदी काडीएवढं, पण झाड वाळवतं.

उत्तर पाकिस्तानातल्या हुंझामध्ये बितान नावाचे भगत असतात, ते जुनिपरचा धूर छातीत ओढून अंगात येतं तसे नाचतात आणि भविष्य सांगतात. लडाखमध्येही अंगात येणाऱ्या ल्हामो-ल्हापा असतात, त्यांच्याकडेही शुक्प्याचा धूर लागतोच.

नास्तिक_नाना

बंद खोलीत तोंड घालून धूर ओढला की अंगात काय, कुणाच्याही डोक्यात येईल. बाकी तो धूर जंतू मारतो, हवा शुद्ध करतो असले व्हॉट्सॅप फॉरवर्ड इथे चिकटवू नका ही विनंती. धूर तो धूर, फुप्फुसाला लाकडाचा काय आणि देवाचा काय.

डोंगरखुणा

नाना, फुप्फुसाचं मान्य. पण लडाखी माणूस ते जंतू मारायला जाळतच नाही. सकाळी घरातली बाई निखाऱ्यावर शुक्प्याची पानं टाकून ते भांडं प्रत्येक खोलीतून, गोठ्यातून फिरवते, घर आणि वाटा देवांसाठी स्वच्छ व्हाव्यात म्हणून. त्याला सांग म्हणतात. घराच्या गच्चीवर ल्हाथो असतो, म्हणजे कुलदेवाचं ठाणं समजा, त्यात शुक्प्याच्या डहाळ्यांची जुडी खोचलेली असते आणि लोसारला म्हणजे नव्या वर्षाला ती बदलतात. लग्न, पेरणी, घरात मूल होणं, काहीही असो, शुक्प्याशिवाय पान हलत नाही.

आणि खरी मेख इथेच आहे ज्यासाठी मी हा धागा काढला. झाड वाढतं किती हळू माहितीये? लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लाहौलमधल्या झाडांची वलयं जोडून १,५८४ वर्षांची मालिका तयार केली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केली. वलयं इतकी बारीक की मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो. कोरडं वर्ष आलं की वलय आणखी बारीक, म्हणून तर त्यावरून जुने दुष्काळ वाचता येतात. म्हणजे मनगटाएवढी फांदी तोडली तर ती परत यायला आपल्या दोन-तीन पिढ्या जातील. त्यात बी रुजायला महाकठीण, निम्म्याहून जास्त वेळा आत काही नसतंच, पोकळ, आणि भरलेलं असलं तरी ते झोपलेलं, थंडीचे हंगाम काढल्याशिवाय उठत नाही. शिमल्याच्या हिमालयीन वन संशोधन संस्थेने रोपवाटिकेत रोपं करायची पद्धत बसवली आहे, पण रोप करणं आणि शेळ्या-मेंढ्यांपासून ते वाचवून झाड करणं यात फार अंतर आहे.

गावाच्या गरजेपुरतं लडाखी लोक शेकडो वर्षं घेत आलेत आणि झाडं टिकलीत, कारण जिथे झाड पवित्र तिथे कुऱ्हाड नाही. गडबड होते ती आपण हौशी लोक धूपाची पाकिटं घ्यायला लागल्यावर. मागणी दिल्ली-मुंबई-पुण्याची आणि झाड लाहौलचं, हे गणित बसत नाही.

सह्यभटक्या

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरही हेच ऐकलं. वर चार हजार मीटरच्या पुढे झाडं नाहीत, जळणाला फक्त जुनिपरची झुडपं, ट्रेकर वाढले तशी लॉज वाढली आणि लॉजच्या शेगडीत झुडपं गेली. आता तिथे तोडायला बंदी आहे, शेगडीत याकचं शेण आणि वर वाहून आणलेलं रॉकेल-गॅस. शेणाच्या धुराला वास असतो पण चालतंय.

मोरूची_मावशी_पुणे

बाई गं. मी लेहहून दोन पाकिटं आणली होती. आता ती संपली की नाही आणणार परत. बरं एक विचारू का, नर्सरीत जुनिपर बोन्साय मिळतो तो हॉलमध्ये ठेवला तर चालेल का? भारी महाग आहे.

पानगळ

मावशी, नका! माझ्याकडचा असाच गेला. कळत पण नाही, मेल्यावरही महिनाभर हिरवाच दिसतो, मी रोज पाणी घालत होते.

डोंगरखुणा

हॉलमध्ये नाही टिकणार मावशी, जुनिपरला ऊन आणि वारा लागतोच. बोन्सायवाले बहुतेक चिनी जुनिपर किंवा त्याची जमिनीलगत पसरणारी जपानी बहीण विकतात. पुण्याच्या हवेत गच्चीत बरं चालतं, मे महिन्यात दुपारी थोडी सावली करा, कुंडीतलं पाणी साचू देऊ नका. शुक्पा मात्र पुण्यात लावायचा विचारही नको, त्याला बर्फ लागतो आणि आपला पावसाळा त्याला कुजवेल.

पक्षीवेडा_सातारा

कुणी पक्ष्यांचं लिहिलंच नाही. पांढऱ्या पंखाची ग्रॉसबीक म्हणून जाडजूड चोचीचा पक्षी आहे, तो जुनिपरच्या पट्ट्यातच दिसतो, बी फोडून खातो, झाडाखाली उभं राहिलं की कटकट आवाज येतो. म्हणजे हा काही बी पसरवत नाही, फडशाच पाडतो. पसरवायचं काम कस्तुरांच्या जातीचे पक्षी करतात, ते गोळी अख्खी गिळतात.

सह्यभटक्या

डोंगरखुणा, लडाखात मोठी झाडं बघायला नक्की कुठे जायचं? लेहमध्ये तर सगळीकडे पॉप्लर आणि विलोच दिसतात.

डोंगरखुणा

हेमिस शुक्पाचन. प्रसिद्ध हेमिस गोम्पा (बौद्ध मठ) वेगळा, तो लेहच्या दक्षिणेला, हे गाव पश्चिमेला शाम भागात. गावाचं नावच शुक्प्यावरून आणि गावालगत जुन्या झाडांची देवराई आहे, आपल्या देवराईचे बहुतेक सगळे नियम तिथे चालतात असं समजून वागा, डहाळीसुद्धा मोडू नका. लिकीरहून यांगथांग, तिथून हेमिस शुक्पाचन आणि पुढे तेमिसगाम असा सोपा ट्रेक आहे, मुक्कामाला गावातली घरं. जून ते सप्टेंबर जा. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसते झोपून काढा, मग निघा, आणि गाडीनेही गावापर्यंत जाता येतं, गुडघे कुरकुरत असतील तर.

सुभेदार_निवृत्त

गाडीनेच जाणार. कुणी येतंय का सोबत, ऑगस्टमध्ये? माझ्याकडे दोन सीट रिकाम्या आहेत.